२ ओहमची मोटर ९ च अँपिअर कशी ओढते

प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड करणाऱ्या एका मुलानं विचारलंय की तासगावच्या बाजूला वडलांच्या विहिरीवर दीड एचपीची सिंगल फेज मोटर आहे, घराजवळच्या बोर्डात व्होल्टेज २३० मिळालं, क्लॅम्प मीटरवर करंट ९ अँपिअर. त्यानं २३० भागिले ९ करून रेझिस्टन्स काढला साडेपंचवीस ओहम, २३० गुणिले ९ करून पॉवर काढली २०७० वॅट. मग सप्लाय बंद करून मल्टिमीटर लावला तर वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या आतली तांब्याच्या तारेची वेटोळी, फक्त २ ओहम दाखवतंय, आणि पाटीवर दीड एचपी म्हणजे १११९ वॅट. कुठलाच आकडा कुठल्याला जुळत नाही, मग सूत्र चुकलं का मीटर चुकला?

बाळा, सूत्रही बरोबर आहे आणि मीटरही. तू चार वेगवेगळ्या गोष्टी मोजल्यास आणि चौघींना एकच नाव दिलंस, एवढंच झालंय. मी सांगली जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षं मोटरी भरायचं, म्हणजे जळालेलं वाइंडिंग काढून नवं घालायचं, आणि पंप दुरुस्तीचं काम करतोय, आणि माझ्याकडं शिकायला येणारी चांगली चांगली पोरं इथंच अडकतात, कारण शाळेत ओहमच्या नियमाचा त्रिकोण पाठ करून घेतात, वर व्ही म्हणजे व्होल्टेज, खाली आय म्हणजे करंट आणि आर म्हणजे रेझिस्टन्स, बोट ठेवा आणि उत्तर काढा. त्रिकोण पाठ असावाच, पण त्यातला व्ही कुणाचा आणि कधीचा हे कुणी विचारत नाही. व्होल्टेज ज्या वस्तूचं मोजतोयस तिच्याच दोन टोकांवर मोजायचं, करंट तिच्यातूनच जाणारा घ्यायचा, आणि दोन्ही ती वस्तू चालू असताना, एकाच वेळी. असे घेतलेले दोन आकडे भागलेस तर त्या वस्तूचं त्या क्षणाचं ओहममधलं उत्तर मिळतं. बोर्डातलं व्होल्टेज आणि मोटरचा करंट घेऊन भागलंस तर जे येतंय ते मोटर आणि केबल दोन्हीचं मिळून येतंय.

आधी सोपी वस्तू घेऊ, पाणी तापवायचा रॉड. त्यावर १५०० वॅट २३० व्होल्ट लिहिलेलं असतं. १५०० भागिले २३० म्हणजे करंट साडेसहा अँपिअर, २३० भागिले साडेसहा म्हणजे रेझिस्टन्स ३५ ओहमच्या आसपास. आता रॉड सॉकेटमधून काढ, कोरडा आणि थंड असताना मल्टिमीटर लाव, तरी ३४-३५ च येणार. इथं सगळं जुळतं कारण आत नायक्रोमची तार असते आणि ती तापली तरी तिचा रेझिस्टन्स फार थोडा वाढतो. तुझी त्रिकोणाची सगळी गणितं रॉडवर, इस्त्रीवर, गीझरवर अशी डोळे झाकून चालतात.

याच रॉडवर अजून एक गोष्ट बघून घे. संध्याकाळी गावाकडं व्होल्टेज १८० वर आलं तर पुष्कळ जण म्हणतात १५०० चे साधारण १२०० वॅट झाले असतील, कारण १८० हे २३० च्या पाऊणपटीपेक्षा जास्तच आहे. तसं नाही. रेझिस्टन्स तोच राहिला म्हणजे करंट पण कमी झाला, ५.१ अँपिअर, आणि पॉवर म्हणजे दोन्हीचा गुणाकार, १८० गुणिले ५.१, फक्त ९१८ वॅट. व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं पॉवर पडते. वीस लिटर पाणी २० डिग्रीवरून ५० वर न्यायला पूर्ण व्होल्टेजला २८ मिनिटं लागत असतील तर १८० ला ४५-४६ मिनिटं लागतील. युनिट मात्र दोन्ही वेळा तेवढंच जळणार, ०.७ च्या आसपास, कारण पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच आहे. घरात कुणी म्हणालं कमी व्होल्टेजला हीटर जास्त बिल खातो तर हे गणित करून दाखव.

आता बल्ब. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब घरात कुठंतरी असेल, आमच्या दुकानात सिरीज टेस्टिंगला अजून लागतोच. गणितानं त्याचा रेझिस्टन्स ५२९ ओहम यायला पाहिजे, २३० चा वर्ग भागिले १००. मल्टिमीटर लाव, ४० च्या आसपास येईल. बल्ब खराब नाही. टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार डिग्रीच्या आसपास जाते आणि तेव्हा तिचा रेझिस्टन्स थंड असतानाच्या बारा-तेरा पट होतो. मल्टिमीटर थंड तार मोजतोय, तुझं सूत्र पेटलेली तार मोजतंय, दोन्ही खरं. बल्ब नेहमी बटण दाबतानाच का उडतो त्याचं कारणही हेच, पहिल्या क्षणाला तार थंड असते आणि करंट नेहमीच्या कितीतरी पट जातो.

तेव्हा रेझिस्टन्स हा वस्तूवर कायमचा कोरलेला आकडा नाही. जॉर्ज सायमन ओहमनं १८२६-२७ च्या सुमाराला हा नियम मांडला तेव्हा त्यालाही आकडे हलायचाच त्रास झाला होता. त्या काळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज करंट घेतला की पडायचं, आकडे टिकायचे नाहीत, म्हणून त्यानं बॅटरी सोडून दोन धातूंच्या जोडाला तापवून वीज घेतली, तिचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि एक बर्फात, म्हणजे व्होल्टेज हलणार नाही. मोजताना बाकीचं स्थिर ठेवायला तो माणूस एवढा झटला म्हणून त्याला ते सरळ नातं दिसलं.

आता तुझी मोटर. वाइंडिंग २ ओहम, २३० भागिले २ म्हणजे ११५ अँपिअर जायला पाहिजेत, आणि जातात फक्त ९. का? मल्टिमीटर आतल्या छोट्या बॅटरीनं मोजतो, म्हणजे डीसीवर, आणि डीसीला दिसते ती फक्त तांब्याची तार, तिची लांबी आणि जाडी. एसी आल्यावर त्याच तारेच्या वेटोळ्यात सेकंदाला ५० वेळा चुंबक तयार होतो आणि उलटतो, आणि तो बदलता चुंबक त्याच तारेत उलटं व्होल्टेज तयार करतो. मोटर फिरत असताना हे उलटं व्होल्टेज सप्लायच्या बरंच जवळ जातं, उरलेल्या फरकावर करंट जातो. तू जो साडेपंचवीस ओहम काढलास तो या सगळ्याचा एकत्रित अडथळा, त्याला इम्पिडन्स म्हणतात. मोजतात ओहममध्येच पण रेझिस्टन्स नव्हे, आणि मोटर किती लोडवर फिरतेय त्यानुसार तो बदलतो. विहिरीत गाळ आला, इंपेलर अडकला आणि मोटर फिरलीच नाही तर हाच इम्पिडन्स एकदम पाच-सहा पटीनं पडतो, करंट ४५-५० वर जातो, मोटर नुसती घुमते आणि थोड्या वेळात वार्निशचा वास येतो. तो वास एकदा आला की माणूस आयुष्यभर विसरत नाही.

म्हणून २ ओहमचा आकडा फेकून द्यायचा नाही. तो उष्णतेच्या गणितासाठी आहे. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, ९ गुणिले ९ गुणिले २, म्हणजे १६२ वॅट तुझ्या तांब्यात नुसती उष्णता होतेय. आणि तांबं तापलं की दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के रेझिस्टन्स वाढतो, म्हणजे वाइंडिंग ६० डिग्रीनं तापलं की २ चे जवळपास अडीच ओहम झाले आणि ती उष्णता दोनशे वॅटवर गेली. मोटर सुरू व्हायला मदत करणारा कंडेन्सर कायम जोडलेला असेल तर मेन वाइंडिंगमधला करंट लाइनच्या करंटपेक्षा थोडा वेगळा असतो, तेवढा फरक सध्या सोडून दे. दोनशे वॅट म्हणजे दोन मोठे पिवळे बल्ब मोटरच्या पोटात सतत पेटलेत असं समज, आणि मग पंख्यावरचं झाकण गवतानं आणि चिखलानं बुजलं तर काय होईल ते बघ.

पॉवरचं आता. २३० गुणिले ९ हे २०७० वॅट नाहीत, ते २०७० व्होल्ट-अँपिअर आहेत. रॉडला दोन्ही एकच, मोटरला वेगळे. मोटरमध्ये व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी वर चढत नाहीत, करंट मागून येतो, त्यामुळे काही करंट नुसता चुंबक उभा करायला जातो आणि परत येतो, काम करत नाही. काम करणारा भाग किती ते पॉवर फॅक्टर सांगतो, अशा छोट्या मोटरीला ०.८ च्या आसपास धरायला हरकत नाही. म्हणून मोटरचे वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर.

हा पॉवर फॅक्टर तुला घरच्या मीटरवरूनच काढता येतो, हे मला फार आवडतं कारण त्याला खर्च शून्य. डिजिटल मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, आणि शेजारी लिहिलेलं असतं की एका युनिटला किती लुकलुक, पुष्कळ मीटरवर ३२०० असतं, तुझ्यावर वेगळं असेल तर तोच आकडा घे. घरातलं बाकीचं सगळं बंद कर, फ्रीज पण, नुसती मोटर चालू ठेव आणि मोबाइलवर एक मिनिट लावून लुकलुक मोज. समज ९३ आल्या. तासाला झाल्या ५५८०, भागिले ३२००, म्हणजे १.७४ किलोवॅट. हे खरे वॅट, मीटरनं स्वतः मोजलेले. आता १७४० भागिले २०७०, पॉवर फॅक्टर आला ०.८४. हा घराच्या बोर्डाजवळचा, केबल धरून. शंभरपर्यंत लुकलुक मोजताना चुकायला होतं म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढून सावकाश मोजली तरी चालेल.

आणि पाटीवरचे १११९ वॅट म्हणजे मोटर शाफ्टवर बाहेर देते ती ताकद, आत घेते ती नव्हे. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, दीड म्हणजे १११९. आत जातात साधारण १४७०, त्यातले साडेतीनशे तांब्याच्या, लोखंडाच्या आणि बेअरिंगच्या उष्णतेत जातात. मग विचारशील की मीटर १७४० म्हणतोय आणि मोटर १४७० च घेतेय, मधले पावणेतीनशे कुठं गेले? ते तुझ्या वडलांच्या शेतात जमिनीखाली जळतायत. या एका गोष्टीसाठी मी एवढं लांब लिहायला बसलोय.

तू लिहिलंयस की विहीर घरापासून अडीचशे मीटर आणि केबल अडीच स्क्वेअर एमएम तांब्याची. लक्षात ठेवायला सोपा आकडा सांगतो, एक स्क्वेअर एमएम तांब्याची एक किलोमीटर तार म्हणजे साधारण १७ ओहम, ॲल्युमिनियमची २८. जाडीनं भागायचं, लांबीनं गुणायचं, आणि लांबी जायची अधिक यायची धरायची, ही चूक सगळे करतात. तुझं अंतर २५० मीटर पण तार ५०० मीटर. १७ गुणिले ०.५ भागिले २.५, म्हणजे ३.४ ओहम. मोटरच्या वाइंडिंगपेक्षा तुझ्या केबलचा रेझिस्टन्स जास्त आहे बघ! ९ चा वर्ग ८१ गुणिले ३.४, म्हणजे २७५ वॅट. रोज सहा तास मोटर चालली तर दिवसाला १.६५ युनिट, महिन्याला जवळपास पन्नास युनिट नुसती माती तापवायला. सहा स्क्वेअरची केबल असती तर रेझिस्टन्स १.४ आणि नुकसान ११५ वॅट.

व्होल्टेजचं पण बघ. ९ गुणिले ३.४ म्हणजे साडेतीस व्होल्ट केबलमध्ये पडतात. पण विहिरीवर मीटर लावलास तर २३० च्या जागी २०० नाही, २०४-२०५ दिसेल, आणि तू परत गोंधळशील, म्हणून आत्ताच सांगतो. केबलमधला ड्रॉप करंटच्या चालीनं चालतो, मोटरचं व्होल्टेज त्याच्या पुढं असतं, दोन्ही एका रेषेत नाहीत म्हणून सरळ वजाबाकी होत नाही, फरक साधारण पॉवर फॅक्टरनं गुणून दिसतो, साडेतीस गुणिले ०.८ म्हणजे २४-२५. हीटर जोडलास तर सरळ वजाबाकी होईल. केबलचा रेझिस्टन्स व्होल्टेज-करंटवरून काढायचा असेल तर म्हणूनच विहिरीवर रॉड नेऊन बादलीत लावायचा आणि दोन्हीकडचं व्होल्टेज घ्यायचं, बोर्डात एकानं, विहिरीवर एकानं, फोनवर बोलत एकाच वेळी. फरक भागिले करंट, केबलचा रेझिस्टन्स हातात. तांब्याच्या हिशोबानं आलेल्या आकड्यापेक्षा बराच जास्त आला तर मध्ये कुठंतरी जॉइंट खराब आहे.

जॉइंटवरून एक अनुभव सांगतो. सावळजकडच्या एका द्राक्षबागायतदाराची मोटर एका हंगामात माझ्याकडं दोनदा भरायला आली. दोन्ही वेळा स्टार्टिंग वाइंडिंग, म्हणजे मोटर सुरू होताना थोडा वेळच चालणारं वेटोळं, जळालेलं. पहिल्यांदा भरून दिली, दुसऱ्यांदा आली तेव्हा मला झोप लागेना, कारण छाटणीनंतरचे दिवस, बागेला पाणी पाहिजे आणि माणूस माझ्या कामावर विसंबलेला. या वेळी मोटर भरून स्वतः रानात गेलो. केबल मध्ये कधीतरी बैलाच्या नांगरानं तुटलेली, तिथं तांब्याला ॲल्युमिनियमचा तुकडा पिळून वर टेप मारलेला. आधी आलेल्या वायरमननं तो जॉइंट मल्टिमीटरच्या बीपवर तपासला होता, बीप वाजला, म्हणाला जॉइंट ओके. बीप वाजला म्हणजे जॉइंट चांगला असं अजिबात नाही, तो वीस-तीस ओहमलाही वाजतो, आणि साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरीच पाव-अर्धा ओहम दाखवतात, त्यात एक ओहमच्या आतलं काय कळणार.

मी मोटर चालू करायला लावली आणि मीटर व्होल्टवर ठेवून एक पिन जॉइंटच्या अलीकडं एक पलीकडं टेकवली. चांगल्या जॉइंटला इथं जवळजवळ शून्य यायला पाहिजे. आले ८ व्होल्ट. करंट १० अँपिअर. ८ भागिले १० म्हणजे ०.८ ओहम, ८ गुणिले १० म्हणजे ८० वॅट. तुमच्या वर्कशॉपमधली सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते आणि तेवढ्यावर शिसं वितळतं, इथं बोटाएवढ्या जागेत तीन आयर्न पेटलेल्या होत्या. टेप काढला तर आत कोळसा. आणि मोटर का जळत होती तेही कळलं, चालताना ८ व्होल्टचं एवढं काही नाही, पण चालू करतानाच्या झटक्याला ४० अँपिअर धरले तर त्या एका जॉइंटवर ३२ व्होल्ट जातात, शिवाय केबलचे वेगळे, म्हणजे मोटरला ताकद लागते नेमक्या त्याच वेळी तिला व्होल्टेज मिळत नव्हतं. ती हळूहळू वेग घ्यायची, स्टार्टिंग वाइंडिंग गरजेपेक्षा जास्त वेळ चालू राहायचं आणि जळायचं. तांबं-ॲल्युमिनियमसाठी मिळणारा बायमेटल जोड घालून नीट क्रिम्प केला, वर हीट श्रिंक, परत मोजलं तर पाव व्होल्टसुद्धा नाही. ती मोटर पुढं कितीतरी वर्षं उघडावी लागली नाही. दुसऱ्यांदा भरायच्या आधीच रानात गेलो असतो तर त्या माणसाचे पैसे आणि पाण्याच्या दोन पाळ्या वाचल्या असत्या, ही सल मला आहे, आणि तेव्हापासून मोटर परत आली की मी आधी रानातलं व्होल्टेज विचारतो.

चालू जॉइंटवर असं मोजताना खूप सांभाळायचं, ओलं रान, उघडी तार, हे एकट्यानं आणि अनवाणी करायचं काम नाही. तू अजून शिकतोयस, जाणता वायरमन सोबत असल्याशिवाय करू नकोस.

पुष्कळांकडं थ्री फेज असतं म्हणून त्याचंही पटकन. पाच एचपीची मोटर, ४१५ व्होल्ट, साडेसात अँपिअर. इथं तिन्ही फेजचं मिळून १.७३२ नं गुणायचं, ४१५ गुणिले ७.५ गुणिले १.७३२ म्हणजे ५३९० व्होल्ट-अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८२ धरला तर ४४२० वॅट आत, बाहेर ३७३०. यात लक्षात ठेवायचं ते हे, की व्होल्टेज पडलं की रॉडचा करंट कमी होतो, लोडवरच्या पंपाच्या मोटरचा वाढतो, कारण पंपाला पाणी तेवढंच वर ढकलायचंय. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, लोड वाढून ३४० व्होल्ट आले आणि करंट साडेनऊवर गेला तर वाइंडिंगची उष्णता साडेनऊ भागिले साडेसात, त्याचा वर्ग, १.६ पट होते. व्होल्टेज कमी आहे म्हणजे मोटरला आराम आहे असं समजणारे शेतकरी मी पाहिलेत आणि त्यांच्या मोटरी भरल्यात. ओव्हरलोड रिले पाटीवरच्या करंटलाच ठेवायची, सारखी ट्रिप होते म्हणून वर सरकवायची नाही. करंट कमी ठेवला की वाटेतलं नुकसान वर्गानं कमी होतं, आपल्या कोयनेची वीज २२० आणि ४०० केव्हीच्या लाइनवरून बाहेर जाते ती याच हिशोबानं.

वाइंडिंगचा छोटा रेझिस्टन्स नीट मोजायचा असेल तर परत तुझंच सूत्र. मोटर सगळ्यापासून सोडव, कंडेन्सर डिस्चार्ज कर, १२ व्होल्टची बॅटरी लाव, सिरीजमध्ये अँपिअर मीटर, आणि व्होल्टमीटर वाइंडिंगच्या टर्मिनलवरच टेकव, बॅटरीवर नाही. ११.६ व्होल्ट आणि ५.८ अँपिअर आले तर २ ओहम, आणि यात वायरींचा रेझिस्टन्स शिरत नाही. चार-पाच सेकंदात घे, नाहीतर तार तापून आकडा सरकतो, आणि बॅटरी सोडवताना उघड्या टोकाला हात नको, कॉइल जोरात झटका मारते. थ्री फेजमध्ये तिन्ही वाइंडिंग असे मोजून २.१, २.१ आणि १.७ आले तर तिसऱ्यात वेटोळी आतल्या आत शॉर्ट झालीत.

याच्या उलट टोकाला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर. २०१९ ला आणि परत २०२१ ला कृष्णेचं पाणी सांगलीत ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेलं, नदीकाठच्या मोटरी, स्टार्टर, पेट्या सगळं पाण्याखाली, आणि पाणी ओसरल्यावर दुकानासमोर मोटरींची रांग. मल्टिमीटर लावला तर वाइंडिंग अगदी बरोबर दाखवायचं, कारण तांबं शाबूत होतं, ओल गेली होती ती तांबं आणि बॉडीच्या मधल्या इन्सुलेशनमध्ये. तिथं मेगर ५०० व्होल्ट देतो आणि किती करंट पाझरतो ते बघतो, ५०० व्होल्टला अर्धा मिलिअँपिअर पाझरला तर एक मेगाओहम. तोही व्होल्ट भागिले अँपिअरच करतोय. एक मेगाओहमच्या खाली असेल ती मोटर मी लाइनला लावू देत नाही, धुऊन, भट्टीत वाळवून परत मोजायची. पुराच्या त्या दिवसांत घाई केलेल्यांच्या मोटरी जळाल्याच, शिवाय बॉडीला करंट येऊन माणसाच्या जिवावर बेततं ते वेगळं.

मीटर धरायचं पण सांगतो. क्लॅम्पमध्ये एकच तार घ्यायची, फेज-न्यूट्रल दोन्ही घेतल्या तर शून्य दाखवतो. करंट फार लहान असेल तर तारेला क्लॅम्पभोवती दहा वेढे दे आणि आकड्याला दहानं भाग. मल्टिमीटरची लाल पिन दहा अँपिअरच्या भोकात राहिली आणि तशीच २३० ला लावली तर थेट शॉर्ट, मीटर हातात फुटतो, म्हणून मोजून झालं की पिन व्होल्टच्या भोकात परत ठेवायची सवय लाव. आणि ओहमवर ठेवलेला मीटर चालू लाइनला कधीच नाही.

तर आता तू हे कर. विहिरीवरच्या पेटीत मोटर चालू असताना व्होल्टेज आणि करंट घे, त्याच वेळी घरी कुणालातरी बोर्डातलं व्होल्टेज बघायला सांग, आणि मीटरची मिनिटभराची लुकलुक. विहिरीवर २०४ च्या आसपास आलं तर केबलच बारीक आहे, सहा स्क्वेअरची घालायची का ते वडलांशी बोल, महिन्याचे पन्नास युनिट आणि केबलची किंमत कागदावर मांडून. १९५ च्या खाली आलं तर केबल बदलायच्या आधी जॉइंट शोध, किती आहेत आणि कुठं कुठं आहेत ते वडलांना विचार, नांगरट केलेल्या जागेपासून सुरुवात कर. आकडे आले की इथंच टाक, मी बघतो.